पार्सल डिलिव्हरी: दोन-चार वर्षांचं काम की आयुष्यभराचं? (सोलापूर)

नीलमनगरचा

नमस्कार मंडळी. बी.कॉम. झालोय, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात बिलं करतो. पगार महिन्याच्या वीस तारखेपर्यंत कसाबसा पुरतो आणि वाढेल असं वाटत नाही. शेजारचा एक मित्र पार्सल डिलिव्हरीला लागलाय, त्याच्या हातात माझ्यापेक्षा जास्त पैसे दिसतात. त्याच्या हबमध्ये (पार्सल वाटपाच्या केंद्रात) मलाही घेतील म्हणतो. माझ्यापुढे दोन वाटा आहेत. एक, स्वतःच्या बाईकवर पर पार्सल रेटने काम. दुसरी, कर्ज काढून छोटा हत्ती, म्हणजे छोटा मालवाहू टेम्पो, घ्यायचा आणि व्हेंडरकडे, म्हणजे डिलिव्हरीच्या कंत्राटदाराकडे, लावायचा.

घरात विरोध आहे. वडील यंत्रमागावर होते. ते म्हणतात, शिकून दारोदार फिरायचं असेल तर पुण्याला तरी जा. मला सोलापूर सोडायचं नाही, आई-वडील इथंच आहेत.

"किती कमावशील" हे सगळेच सांगतात, मला वेगळंच विचारायचंय. चाळिशीत, पन्नाशीत हे काम करणारं माणूस कुणी पाहिलंय का? त्यांचं घर कसं चालतं?

बाळीवेस_बाबू

गाडी कुणाची, पेट्रोल कुणाचं? आधी ते सांग, मग बोलू.

नीलमनगरचा

गाडी माझी, पेट्रोल माझं, मोबाईलचा डेटापण माझाच.

रूट_नंबर_नऊ

मग बस निवांत, सगळं सांगतो. मी रायडर म्हणूनच सुरुवात केली, आता एका हबमध्ये टीम लीडर आहे.

सकाळी सातच्या आसपास रात्रीच्या गाडीचा लोड उतरतो. सॉर्टिंग होतं, पार्सल एरियाप्रमाणे लागतात, प्रत्येकजण आपला रूट स्कॅन करून बॅग भरतो. जो बॅग लावायला शिकला तो अर्धं काम शिकला. आधी जायचं ठिकाण वर, शेवटचं तळाशी, नाजूक वस्तू वेगळी. नवा पोरगा सगळं कोंबतो आणि मग प्रत्येक दारात बॅग उपसत बसतो. साडेनऊ-दहाला रस्त्यावर. संध्याकाळी परत येऊन रिटर्न, म्हणजे न दिलेली पार्सल, जमा करायचे, सीओडीची (दारात घेतलेल्या पैशांची) रोकड मोजून द्यायची. रोकड कमी भरली तर खिशातून. बनावट नोट निघाली तरी खिशातून.

आता हिशोब. समजा १५ रुपये रेट आहे आणि दिवसाला ६० पार्सल प्रत्यक्ष हातात पडली. ९०० रुपये झाले. महिन्याचे २६ दिवस धरले तर २३,४००. मित्राच्या हातात दिसतो तो हा आकडा. आता दिवसाला ६० किलोमीटर, गाडीचं ॲव्हरेज ४५, पेट्रोल १०५ धर. रोजचे १४० रुपये, महिन्याचे ३,६४०. टायर, चेनसेट, ऑइल, ब्रेकशू मिळून किलोमीटरला एक रुपया धर, ते दीड हजार. आणि कुणीच धरत नाही तो खर्च म्हणजे गाडीची झीज. ९० हजारांची बाईक एवढ्या पळवण्यात पाच वर्षांत संपते, म्हणजे महिन्याला आणखी दीड हजार. खरी कमाई राहिली १६,७०० च्या आसपास. यात रविवार सोडून एकही खाडा नाही. आजारी पडलास तर शून्य.

मी तुला "करू नको" म्हणत नाही. कारखान्यातल्या पगाराशी हा १६,७०० ताडून बघ, २३,४०० नाही.

आणि रेट बॅगेतल्या पार्सलचा मिळत नाही, हातात पडलेल्याचा मिळतो. दार बंद, फोन उचलत नाहीत, "उद्या या" म्हणतात. ते पेट्रोल तुझंच गेलं.

मालतीकाकू_जुळेसोलापूर

मी फक्त ग्राहक आहे, तरी लिहिते. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर असतो, भर दुपारी एकला पोरगं दारात उभं असतं, तोंड लालभडक. आमच्या सोसायटीत काही लोक त्याला चौथ्या मजल्यावर बोलावतात, लिफ्ट बंद असतानासुद्धा. मी सरळ खाली जाऊन घेते आणि पाण्याचा तांब्या सोबत नेते. नळाला रोज पाणी येत नाही हे खरं आहे, पण त्यातून एक तांब्या द्यायला काय जातं?

अशोकचौक

काकू, तुमच्यासारखे रस्त्याला चार असले तरी दिवस निघतो. पण खालून घ्यायची अपेक्षा सगळ्यांकडून ठेवता येत नाही. पत्ता दारापर्यंतचा आहे, वयस्कर लोक असतात, लहान लेकरं घेऊन एकटी आई असते. दारापर्यंत देणं हे कामच आहे. तो वेळ धरून रेट ठरला पाहिजे, भांडण तिथं आहे.

कुंभारीचा_पाहुणा

पत्त्यावरून आठवलं. माझा रूट कुंभारीकडचा. आधी विडी घरकुल, मग पुढे रे नगर, असंघटित कामगारांची नवी वसाहत. जानेवारी २०२४ मध्ये रे नगरच्या १५ हजार घरांच्या चाव्या मिळाल्या, पूर्ण योजना ३० हजार घरांची. एकसारख्या इमारती, एकसारखे जिने. पहिले काही आठवडे मी नुसता फोन करत फिरायचो. "कुठं आहात?" "घरीच की!" "घर कुठं?" "इथंच, पाण्याच्या टाकीजवळ." टाकीजवळ शंभर घरं!

पण आता तोच रूट सोन्याचा झालाय. घरं दाट आहेत, एका जिन्यात तीन-तीन पार्सल पडतात, पेट्रोल जवळजवळ नाही. लोक कष्टकरी, पैसे तयार ठेवतात, थट्टामस्करी करतात. याउलट होटगी रोडच्या पलीकडचे नवे प्लॉट, एक घर इथं तर दुसरं दोन किलोमीटरवर. रेट मात्र सारखाच. नीलमनगरचा, हबमध्ये गेलास की रेटच्या आधी रूट विचार.

डिजिटल_दमाणी

त्यासाठीच टपाल खात्यानं मे २०२५ मध्ये डिजिपिन आणलाय. देशातल्या साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा कोड. लोकांनी तो पत्त्यात लिहिला तर टाकी, मारुती, पिंपळ काही लागणार नाही.

कुंभारीचा_पाहुणा

कोड जमिनीवरचा चौकोन सांगेल हो, पण तिसरा मजला की पहिला ते जिन्यात उभं राहून ओरडूनच कळतं. 🙂 तरी बैठ्या घरांच्या वस्तीत उपयोग होईल. शेळगीच्या मागच्या बाजूला नक्की.

सात_रस्ता

साखर पेठेत मला एका आजींनी पत्ता तेलुगूत सांगितला, पुढच्या गल्लीत कन्नडमध्ये, त्याच्या पुढे उर्दूत. तिन्ही समजले. सोलापूरच्या रायडरला पगारात भाषाभत्ता पाहिजे बघा!

विमावाले_काका

चर्चा चांगली चाललीय, पण महत्त्वाचं कुणी बोलेना म्हणून लिहितो. पांढऱ्या पाटीच्या बाईकचा साधा विमा हा वैयक्तिक वापराचा असतो. पॉलिसीवर 'वापराच्या मर्यादा' असा रकाना आहे, तो वाचा. मोबदला घेऊन माल वाहणं त्यात बसत नाही. धंद्याच्या वापरात अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. मालक-चालकाला जे १५ लाखांचं अपघात कव्हर असतं, त्यातही अडचण येऊ शकते. समोरच्याची भरपाई कंपनीनं दिली तरी ती नंतर तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते.

म्हणून हबमध्ये पहिल्या दिवशी विचारा: रायडरचा अपघात विमा आहे का, किती लाखांचा, पॉलिसीची प्रत मिळेल का? "आहे की" या तोंडी उत्तरावर जाऊ नका. शिवाय स्वतःची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्या. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख. बँकेतून खात्यातून कापतात. एका चहाच्या पैशात आहे, तरी निम्म्या पोरांकडे नसते.

हडपसरकर_मूळचा_सोलापूरचा

मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे करिअर नाही. पुण्यात हेच काम मी केलं. पहिल्या वर्षी रेट चांगला होता, नंतर मुलं वाढली तसा रेट कमी होत गेला. अनुभवाला किंमत नाही, काल आलेल्याला आणि मला एकच रेट. कंबर गेली, सोडलं. आता गोदामात पगारी नोकरी करतो, पीएफ कापला जातो, रविवारी घरी असतो. भावा, पदवी आहे ना? जीएसटीचं, टॅलीचं काम नीट शीक. हे तरुणपणी चार पैसे गोळा करायला ठीक.

शेळगीकरीण

दादांचं दुखणं खरं आहे, पण "हे करिअर नाही" हे मला पटत नाही. मूळ प्रश्न होता चाळिशीतलं माणूस पाहिलंय का. मी आहे की! स्कूटरवर पार्सल वाटते. माझी दोन मुलं शिकतात ती याच्यावरच. नवरा आजारी आहे.

मला जमतं त्याचं कारण मी पहिल्यापासून एकच एरिया धरला, सोडला नाही. कोणत्या घरात दुपारी कोण असतं, कुठला वॉचमन पार्सल ठेवून घेतो, कोणती बाई नर्स आहे आणि रात्रपाळी करून झोपलेली असते, हे मला माहीत आहे. माझे रिटर्न फार कमी येतात. बायका मला दार लगेच उघडतात. हे सगळं अनुभवातूनच येतं, फक्त त्याचे पैसे वेगळे कुणी देत नाही.

अडचणी सांगते, त्या पुरुष लिहीत नाहीत. दिवसभर बाथरूमची सोय नसते. मी ओळखीच्या दोन घरात जाते, नव्या एरियात ते नसतं म्हणून रूट बदलायची भीती वाटते. पाणी कमी प्यायलं की उन्हाळ्यात लघवीचा त्रास होतो, हा अनुभव घेतलाय. दुसरं, वीस-बावीस किलोची पार्सल स्कूटरवर देतात. मी इन्चार्जला सरळ सांगितलं, जड माल व्हॅनला टाका. पहिल्यांदा कुरकूर झाली, मग टाकायला लागले. बोललं पाहिजे.

मालतीकाकू_जुळेसोलापूर

ताई, आमच्या भागात कधी आलात तर हक्कानं घरी या. बाथरूम वापरा, दोन घास खा. हे मी मनापासून लिहितेय.

अटलांटाकर

मी गेली बरीच वर्षं अमेरिकेत, माहेर भवानी पेठ. इथं यूपीएस या पार्सल कंपनीची तपकिरी गाडी चालवणाऱ्याला मोहल्ल्यात मान आहे आणि तो मान पैशातून आलाय. बहुतेक जण आधी गोदामात अर्धवेळ माल चढवतात, ज्येष्ठतेनुसार नंबर लागला की ड्रायव्हर होतात. पेन्शन, आरोग्य विमा, सगळं. २०२३ मध्ये त्यांच्या टीमस्टर्स युनियननं साधारण ३ लाख ४० हजार कामगारांचा करार केला. करार संपेपर्यंत पूर्णवेळ ड्रायव्हरचा वरचा दर सरासरी तासाला ४९ डॉलर होणार. आणि काकूंनी उन्हाचं लिहिलं म्हणून सांगते, १ जानेवारी २०२४ नंतर घेतलेल्या नव्या गाड्यांत एसी असला पाहिजे, हेही त्याच करारात आहे. तोवर त्या गाड्यांत एसी नव्हता. लोक पन्नाशीत याच कामावर निवृत्त होताना मी पाहिलेत.

हडपसरकर_मूळचा_सोलापूरचा

ताई, अमेरिकेचं इथं सांगून काय उपयोग? आणि त्याच कंपनीनं २०२५ मध्ये २० हजार जागा कमी करायची घोषणा केली हेही लिहा.

अटलांटाकर

केली, खरं आहे. मोठ्या ग्राहकाचा माल कमी करायचं ठरलं, म्हणून. पण मुद्दा असा की काम तेच आहे, पार्सल दारात देणं. एका ठिकाणी ते आयुष्यभराचं होऊ शकतं आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, तर फरक कामात नाही, करारात आहे.

पूर्वभागकर

करारासाठी अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही, आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात, विडी कामगारांच्या वस्तीत या.

माझी आई आणि आजी दोघी विड्या वळायच्या. घरी बसून, हजार विड्यांवर मजुरी. पार्सलवर रेट आणि हजार विड्यांवर रेट, पद्धत एकच. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत, तसेच रिटर्नचे नाहीत. पूर्वी म्हणायचे, घरी बसून वळणारी बाई कामगार कसली? पण १९६६ ला विडी कामगारांचा कायदा झाला, १९७६ ला कल्याण निधीचा झाला, विडी कामगारांना पीएफ लागू झाला, ओळखपत्र आलं. आईचा पीएफ आला तेव्हा बहिणीचं लग्न झालं. युनियननं मोर्चे काढून काढून घरं मिळवली. गोदूताई परुळेकर घरकुलाची १० हजार घरं २००६ मध्ये मिळाली. वर कुंभारीच्या भावानं ज्या रे नगरचं लिहिलं, तेही असंघटित कामगारांनी झगडूनच उभं केलंय.

म्हणजे ज्या वस्तीत तुम्ही पार्सल घेऊन जाता, ती वस्तीच तुमच्यासारख्या पीस रेटवरच्या माणसांनी मिळवलेली आहे. रायडरचं का होऊ नये? पोरं हबच्या बाहेर चहाला रोज जमतात, रेट कमी झाला की शिव्या घालतात आणि दुसऱ्या हबला जातात. जाण्याऐवजी पन्नास जणांनी एकत्र जाऊन लेखी मागितलं पाहिजे.

रूट_नंबर_नऊ

अण्णा, हे वाचून अंगावर काटा आला. माझी आजीपण विडीवरच होती. हे दोन्ही एक आहे हे कधी डोक्यात आलं नाही.

कायदा_जुजबी

पूर्वभागकरांच्या पुढचं थोडं. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यात 'गिग कामगार' आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' (नेहमीच्या नोकरीबाहेर, ॲपवरून काम करणारे) अशी व्याख्या पहिल्यांदा कायद्यात आली. ॲग्रीगेटर, म्हणजे ॲपवरून काम देणाऱ्या, कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत द्यायची, कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत मर्यादा. अपघात, आरोग्य, वृद्धापकाळ यासाठी तो निधी. लॉजिस्टिक्स कंपन्याही यादीत आहेत. म्हणून ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून ठेवा, आधार आणि बँक खातं लागतं. उद्या योजना आली तर नाव यादीत पाहिजे.

आणि व्हेंडरकडे पगारी असाल तर वेगळाच हक्क आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), वीस असतील तर पीएफ. ईएसआयला तुमचे पाऊण टक्का जातात, मालकाचे सव्वातीन. पगाराची पावती मागा. मागितली म्हणून कुणी काढून टाकलं तर ते ठिकाण कामाचं नव्हतंच.

छोटा_हत्ती_बाळे

दुसऱ्या वाटेबद्दल कुणीच लिहिलं नाही, मी लिहितो. माझी स्वतःची गाडी आहे, चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीचे पिकअप, शिवाय जड माल घरोघर.

५ लाखांचं कर्ज, ११ टक्के, पाच वर्षं धर. हप्ता साधारण १०,९०० बसतो. गाडी उभी असली तरी हप्ता पळतोच. व्हेंडरचं पेमेंट पंचेचाळीस दिवसांनी येतं आणि हप्त्याची तारीख पाचला असते. या फटीत लोक बुडतात. तीन हप्ते बाजूला ठेवता आले तरच गाडी घे. कागदाचं म्हणशील तर ३ टनांच्या आतल्या मालगाडीला परमिट लागत नाही, फिटनेस मात्र लागतं. नव्या गाडीचं दोन वर्षं, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी.

आपल्या गावात व्हॅनचा एक फायदा आहे जो बाईकला नाही. तू टॉवेलच्या कारखान्यात बिलं करतोस ना? ऑनलाइन विकणारे छोटे चादर-टॉवेलवाले रोज माल पाठवतात. जाताना घरोघरचा माल, येताना त्यांचे पिकअप. दोन्हीकडून भरलेली गाडी म्हणजे धंदा, एकीकडून रिकामी म्हणजे डिझेल जाळणं. ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा कागद) कळणारा ड्रायव्हर मला आजवर भेटला नाही, तुला ते येतं. तुझी पदवी इथं वाया जात नाही, वडिलांना सांग.

बाळीवेस_बाबू

हे लई भारी बोललात.

आणि नव्या माणसासाठी: जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत होम मैदान, सिद्धेश्वर मंदिर, पार्क चौक या बाजूचा रूट घेऊ नको. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला रस्ते बंद असतात, दोन पार्सलला अर्धा दिवस जातो. त्या दिवसांत आम्ही तिकडचा माल सकाळी आठच्या आत वाटून मोकळे होतो, मग सगळे मिळून यात्रेला.

पोस्टमास्तर_निवृत्त

सरकारी वाटही सांगून ठेवतो. टपाल खात्यात ग्रामीण डाक सेवकाची भरती दहावीच्या गुणांवर होते, परीक्षा नाही. वय १८ ते ४०. डाक सेवकाला मूळ मानधन १०,००० पासून, ब्रँच पोस्टमास्तरला १२,००० पासून, त्यावर महागाई भत्ता. पुढे खात्याची परीक्षा देऊन पोस्टमन होता येतं. पार्सलच वाटायचं असेल तर निदान हा अर्ज भरून ठेवा. खुल्या गटात चाळीस उलटले की ही वाट बंद.

नीलमनगरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. मधे चार दिवस लिहिलं नाही कारण विचारत फिरत होतो. दोन हबमध्ये गेलो. रूट विचारला, अपघात विम्याची प्रत मागितली, पेमेंट किती दिवसांनी ते विचारलं. एका ठिकाणी इन्चार्जनं पॉलिसी काढून दाखवली, दुसऱ्या ठिकाणी "आधी लागा तर खरं" म्हणाले. दुसरीकडे जाणार नाही.

वडिलांना पूर्वभागकर अण्णांचं वाचून दाखवलं. ते बराच वेळ मोर्च्याच्या गोष्टी सांगत होते. विरोध गेलाय असं नाही, पण आता "कुठला हब" असं विचारतात.

कर्ज लगेच काढत नाही. दिवाळीच्या सीझनला व्हॅनवर पगारी ड्रायव्हर घेतात असं कळलं. तोवर कारखाना सोडायचा नाही, सीझनमध्ये दुसऱ्याच्या गाडीवर काम करून बघायचं, मग हत्तीचा विचार. ग्रामीण डाक सेवकाचा अर्जही भरणार. शेळगीच्या ताईंचं "एकच एरिया धर" हे डोक्यात पक्कं बसलंय.

एक शंका राहिली. माझं लायसन्स कारचं आहे, एलएमव्ही (हलकी गाडी). पिवळ्या पाटीच्या, म्हणजे धंद्याच्या, व्हॅनला बॅच (धंद्याची गाडी चालवायचा बिल्ला) काढावा लागेल का?

छोटा_हत्ती_बाळे

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सांगितलंय, साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालगाडीला एलएमव्ही लायसन्स पुरतं, वेगळी नोंद लागत नाही. हत्ती त्याच्या कितीतरी आत आहे. तरी काही व्हेंडर बॅच मागतात, आधी विचारून घे. आणि रविवारी सकाळी बाळ्याला ये, मोकळ्या मैदानावर भरलेली गाडी रिव्हर्स घ्यायला शिकवतो. कार चालवणारे तिथंच अडकतात.